मानवी तस्करीविरोधी कायदे आणि सज्ञान स्त्रीचे म्हणणे

खाडीकाठ

ठाणे, भिवंडी आणि नवी मुंबईच्या स्थानिक पानांवर एक बातमी वारंवार येते. पोलिसांना खबर मिळाली, बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री करण्यात आली, ठरलेला इशारा मिळताच पथकाने सदनिकेवर छापा घातला, दलाल महिलेस अटक झाली आणि तीन पीडित महिलांची सुटका करून त्यांची रवानगी सुधारगृहात करण्यात आली, इतक्यावर ती बातमी संपते. त्या तिघी सुधारगृहातून कधी बाहेर पडल्या, तोवर त्यांची मुले कोणी सांभाळली, खोलीचे भाडे कोणी भरले आणि मुळात त्यांना तिथे जायचे होते का, हे पुढे कुठेही छापून येत नाही. मी ठाण्यात विधी सेवा प्राधिकरणाची स्वयंसेवक म्हणून काम केले आहे आणि छाप्यानंतरच्या दिवसांत अशा स्त्रियांशी बोलले आहे. त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की, आपला कायदा तस्कराला धरायला निघतो, पण त्याच्या हाती बहुतेक वेळा ती स्त्रीच लागते, आणि ती सज्ञान असली तरी तिला काय हवे आहे हे विचारण्याची सक्ती तो कोणावरच करत नाही.

कायदा कोणता, हे आधी स्पष्ट करते. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६, ज्याला पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सगळेच 'पीटा' म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर भारताने ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे सही केली, त्याच्या पूर्ततेसाठी हा कायदा आला आणि १९७८ व १९८६ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या. एखाद्या स्त्रीने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवण्याचा, त्यासाठी जागा देण्याचा, दुसऱ्याच्या या कमाईवर जगण्याचा, स्त्रीला या व्यवसायात आणण्याचा, सार्वजनिक ठिकाणाजवळ हा व्यवसाय करण्याचा आणि गिऱ्हाईकाला खुणावण्याचा. कागदावर हा भेद नीट वाटतो. प्रत्यक्षात मात्र एकटीने, कोणाच्याही सोबतीशिवाय, बंद दाराआड आणि शाळा, देऊळ व दवाखान्यापासून २०० मीटरच्या पलीकडे असेल तरच ती कायद्याच्या बाहेर राहते. ठाण्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात अशी जागा शोधून दाखवावी.

खुणावण्याबद्दलच्या कलम ८ मधील तफावत तर मला आजही पटत नाही. स्त्रीने खुणावले तर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, आणि तेच पुरुषाने केले तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत.

सर्वांत गंभीर भाग मात्र कलम १७ मध्ये आहे. छाप्यात बाहेर काढलेल्या स्त्रीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात. तिचे वय, पूर्वायुष्य आणि तिचे आईवडील, पालक किंवा नवरा तिचा ताबा घेण्यास योग्य आहेत का, याची चौकशी होते. तोपर्यंत तिला तीन आठवड्यांपर्यंत अभिरक्षेत ठेवता येते, आणि चौकशीनंतर तिला काळजीची व संरक्षणाची गरज आहे असे वाटल्यास एक ते तीन वर्षे संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देता येतो. तिच्यावर कोणताही आरोप नसतो. ज्या बाईने दहा वर्षे स्वतःच्या कमाईवर घर चालवले, तिचा ताबा कोणाकडे द्यावा असा प्रश्न तिथे विचारला जातो, आणि ती स्वतः आपला ताबा घेण्यास योग्य आहे, हे उत्तर त्या छापील नमुन्यात बसत नाही.

एका स्त्रीचे उदाहरण ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. वय तिशीच्या पुढचे, मुलगी दुसरीत. छाप्यात तिचा मोबाइल मुद्देमाल म्हणून जप्त झाला होता. मुलगी ज्या शेजारणीकडे होती तिचा नंबर फोनमध्येच साठवलेला होता, आणि पाठ असलेला एकमेव नंबर गावाकडच्या आईचा होता. आईला वाटत होते की लेक एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. चौकशीसाठी तोच नंबर कागदावर गेला. त्यानंतर कलम १७-अ प्रमाणे गावी गृहचौकशी होणार, म्हणजे तालुक्याच्या गावातून कोणीतरी घरी जाऊन या बाईला सांभाळाल का असे विचारणार, हे कळल्यावर ती माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, 'मला वर्षभर ठेवा, पण माझ्या घरी कोणाला पाठवू नका.' तिने वर्षभराचा बंदिवास मागून घेतला, आणि कागदावर त्याची नोंद तिची संमती म्हणून झाली असती.

हा विषय इथे नीट चर्चिला जावा अशी इच्छा आहे. विरोधी मतही अवश्य मांडावे.

सदानंद_कोपरी

ताई, तुम्ही मांडलेले वाचून अस्वस्थ झालो, परंतु दुसरी बाजूही सांगणे मला आवश्यक वाटते. आमच्या सोसायटीत काही वर्षांपूर्वी एक सदनिका दलालामार्फत भाड्याने गेली आणि तिथे हाच प्रकार सुरू झाला. रात्री-अपरात्री अनोळखी माणसे जिन्यावर, मुलींना क्लासवरून परतताना भीती, रखवालदाराला दमदाटी. आम्ही तक्रार केली, पोलीस आले आणि ते बंद झाले. तिथे आणलेल्या मुलींपैकी एक तर जेमतेम शाळेत शोभावी अशी दिसत होती. आम्ही तक्रार करायला नको होती का? असा कायदा नसता तर त्या पोरीला बाहेर कोणी काढले असते?

ॲड_बेलापूर

सदानंदकाका, अल्पवयीन मुलीबाबत कोणताही वाद नाही. तिची संमती कायद्यात निरर्थक आहे, तिच्यासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, आणि तिथे विलंब न लावता तक्रार करणे हेच योग्य. या धाग्याचा प्रश्न अठरा वर्षांवरील स्त्रियांचा आहे, असे मी समजतो.

कायद्याच्या बाजूने काही गोष्टी नोंदवतो. तस्करी हा गुन्हा पीटापुरता मर्यादित नाही. दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर कायद्यात बदल सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले आणि १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम १४३ म्हणून लागू आहे. धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष यांपैकी एखादा मार्ग वापरून, शोषणासाठी माणसाला आणणे, नेणे किंवा ठेवून घेणे, अशी त्याची रचना आहे. शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. मार्ग आणि हेतू दोन्ही सिद्ध करावे लागत असल्याने या कलमाचा तपास कष्टाचा असतो. मुलगी कोणत्या गावातून निघाली, तिकीट कोणी काढले, उचल कोणाच्या हातात पडली, इथपर्यंत जावे लागते. पीटाच्या कलम ५ मध्ये मात्र संमती असो वा नसो, स्त्रीला या व्यवसायासाठी आणणे पुरेसे आहे. जे सोपे, तेच कलम लागते, आणि मूळ तस्कर बंगालच्या किंवा कर्नाटकाच्या गावात सुरक्षित राहतो.

वर्मा समितीने स्वतःच नंतर खुलासा केला होता की, नव्या कलमाचा हेतू स्वेच्छेने देहविक्री करणाऱ्या स्त्रियांना त्रास देण्याचा नाही. तो खुलासा कायद्याच्या मजकुरात कधी आला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२० चा निकाल इथे महत्त्वाचा आहे. मालाडमधील कारवाईत ताब्यात घेतलेल्या तीन तरुणींना दंडाधिकाऱ्यांनी वर्षभर संस्थेत ठेवण्याचा आदेश दिला होता. त्यामागे एक कारण असे होते की, त्यांच्या समाजात मुलींना या व्यवसायात पाठवण्याची रूढी असल्याने आईवडिलांकडे ताबा देणे सुरक्षित नाही. न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो आदेश रद्द करताना स्पष्ट केले की वेश्याव्यवसाय हा स्वतंत्रपणे गुन्हा नाही, सज्ञान स्त्रीला आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे आणि तिच्या संमतीशिवाय तिला असे अडकवून ठेवता येत नाही. मुलुंडमधील एका प्रकरणात मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०२३ मध्ये याच धर्तीवर एका स्त्रीची वसतिगृहातून मुक्तता केली. म्हणजे वरच्या न्यायालयात न्याय मिळतो, पण तिथवर पोहोचेपर्यंत तिचे कित्येक आठवडे किंवा महिने गेलेले असतात.

उत्तरा_ब

मी अनेक वर्षे सुटका झालेल्या मुलींच्या निवासी केंद्रात समुपदेशक होते, आणि या धाग्याचा सूर मला एकांगी वाटतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

'मी स्वतःच्या मर्जीने आले' हे वाक्य मी असंख्य मुलींच्या तोंडून ऐकले आहे, आणि त्यांतल्या पुष्कळ जणींनी काही आठवड्यांनी स्वतःच सांगितले की ते वाक्य त्यांना घरवालीने, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने, पढवले होते. वय एकोणीस सांगायचे, नाव हेच सांगायचे, कोणी आणले विचारले तर मैत्रिणीने म्हणायचे. काहींच्या हातात तर खोटे वय लिहिलेली कागदपत्रेही होती. त्यांच्या डोक्यावर उचलीचे कर्ज असते, गावाकडच्या धाकट्या बहिणीचे नाव घेऊन धमकावलेले असते, आणि पोलीस आपले नाहीत हे तर त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते. अशा मुलीला दुसऱ्याच दिवशी न्यायालयात उभे करून 'तुला जायचे का' असे विचारले, तर ती 'हो' म्हणते, आणि दाराबाहेर तोच दलाल तिच्या मावशीचा नवरा म्हणून उभा असतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. त्या अवधीत तिला त्या माणसांपासून लांब ठेवणे हा अन्याय नव्हे, तर तिला विचार करायला मिळालेली पहिली मोकळीक आहे.

शिवाय, दारिद्र्यातून केलेल्या निवडीला निवड म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. दुसरा एकही रस्ता नसलेल्या बाईच्या 'हो'ला हक्क म्हणून गौरवणे सुखवस्तू माणसांना सोपे जाते.

खाडीकाठ

उत्तराताई, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. दडपणाखालचा जबाब खरा मानू नये, वयाची शहानिशा व्हावी आणि ताबा मागायला आलेल्या 'नातेवाइकांची' ओळख पटवल्याशिवाय मुलगी हवाली करू नये. कलम १७ मधील तीन आठवडे याच कामासाठी आहेत आणि त्या काळात तिच्याशी तुमच्यासारख्या अनुभवी समुपदेशकाने बोलणे मला आवश्यकच वाटते. माझा आक्षेप त्यानंतरच्या एक ते तीन वर्षांना आहे. तीन आठवडे दलालापासून लांब राहून, वकिलाशी एकांतात बोलून, आपले कर्ज व धमक्या सांगण्याची संधी मिळूनही जी सज्ञान स्त्री 'मला घरी जायचे आहे' असेच म्हणते, तिच्यासाठी कुलूप कोणाच्या भल्याचे आहे?

दारिद्र्यातील निवडीबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे, परंतु तोच नियम इतरत्र कोणी लावत नाही. ठाण्याच्या नाक्यांवर सकाळी सातला उभे राहणारे मजूर, तुर्भ्याच्या दगडखाणीत आयुष्य काढलेली कुटुंबे, गटारात उतरणारे सफाई कामगार, यांच्यापैकी कोणाकडेही फारसे पर्याय नव्हते. त्यांना आपण कोंडून शिवणकाम शिकवत नाही. त्यांच्यासाठी मजुरी, सुरक्षा आणि विमा मागतो. पर्याय कमी आहेत म्हणून तिचे उरलेले निर्णयही काढून घ्यावेत, हे तर्काला धरून नाही.

आणि याच कायद्यात कलम १९ आहे, ज्याची चर्चा क्वचितच होते. देहविक्री करणारी किंवा तीत ढकलली जाणारी व्यक्ती स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षणगृहात ठेवण्याची किंवा संरक्षण देण्याची मागणी करू शकते. ही तरतूद मला योग्य दिशेची वाटते. तीन आठवड्यांच्या चौकशीनंतर सज्ञान स्त्रीने कलम १९ खाली अर्ज केला तरच पुढचा निवास, आणि तो सोडण्याचा हक्कही तिचाच, एवढा बदल केला तर तुमच्या केंद्रात येणाऱ्या मुली गरज म्हणून येतील आणि त्यांच्यावर होणारा खर्च कामी येईल. आज अनेक जणी फक्त दिवस मोजतात, हे तुम्हीही पाहिले असेल.

उत्तरा_ब

दिवस मोजणाऱ्या पाहिल्या आहेत, हे नाकारत नाही. खिडकीचे गज वाकवून पळालेल्याही पाहिल्या आहेत. कलम १९ चा उपाय विचार करण्यासारखा आहे, मात्र ते तीन आठवडे आज जसे जातात तसेच जाणार असतील, म्हणजे तिच्याशी कोणीच नीट बोलणार नसेल, तर त्या उपायाचा उपयोग होणार नाही.

मीरा_तुर्भे

मी एचआयव्ही प्रतिबंधाच्या प्रकल्पात क्षेत्रीय काम केले आहे. छाप्यांचा आरोग्यावर होणारा परिणाम या चर्चेत आला नाही, म्हणून लिहिते.

तुर्भे आणि भिवंडीची हनुमान टेकडी या जुन्या, माहीत असलेल्या वस्त्या आहेत. तिथे स्त्रिया एकत्र राहतात, एकमेकींना ओळखतात, त्यांच्यातल्याच काही जणी आमच्या 'पीअर' म्हणून काम करतात, निरोध पोहोचवतात, तपासणीला घेऊन येतात. नवीन मुलगी आली आणि ती लहान दिसली, किंवा रडते आहे असे कळले, तर ती बातमी सर्वांत आधी या पीअरनाच लागते. लागोपाठ छापे पडू लागले की स्त्रिया वस्ती सोडून लॉजवर, महामार्गालगत, फोनवरून ठरवलेल्या खोल्यांमध्ये जातात. तिथे आम्ही पोहोचू शकत नाही, शेजारीण नसते आणि गिऱ्हाईकाने मारहाण केली तर आवाज ऐकणारे कोणी नसते. खरोखर विकून आणलेल्या मुलीचा ठावठिकाणाही मग कोणाला लागत नाही.

दुसरी गोष्ट औषधांची. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरील उपचाराच्या, गोळ्या रोज ठरलेल्या वेळी घ्याव्या लागतात. रात्री नेसत्या वस्त्रानिशी नेलेल्या बाईची पिशवी खोलीवरच राहते, आणि अनोळखी जागी सगळ्यांसमोर 'माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या आणा' असे म्हणण्याचे धैर्य किती जणींना होईल? एका बाईने चार दिवस गोळी घेतली नव्हती, केवळ शेजारच्या खाटेवरच्या मुलीला कळेल म्हणून.

निरोधाची पाकिटे पूर्वी पंचनाम्यात पुरावा म्हणून येत असत. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात हे थांबवण्यास सांगितले आहे. त्याचा प्रत्यक्ष फरक पडावा म्हणून पोलीस ठाण्यांत त्या आदेशाची प्रत द्यायला आम्ही गेलो होतो. काही ठिकाणी ती आस्थेने वाचली गेली, काही ठिकाणी टेबलावर राहिली.

ॲड_बेलापूर

मीराताईंनी ज्या आदेशाचा उल्लेख केला, त्याबद्दल बराच गैरसमज आहे. 'सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसाय कायदेशीर केला' अशा अर्थाच्या बातम्या तेव्हा फिरल्या, त्या बरोबर नव्हत्या. न्या. नागेश्वर राव, न्या. गवई आणि न्या. बोपण्णा यांच्या पीठाने राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली, म्हणजे पूर्ण न्यायासाठी आदेश देण्याच्या आपल्या विशेष अधिकारात, स्वतः नेमलेल्या समितीच्या काही शिफारशी संसदेचा कायदा होईपर्यंत पाळण्याचे निर्देश दिले. पोलिसांनी सन्मानाने वागावे, माध्यमांनी ओळख उघड करू नये, संरक्षणगृहांचे सर्वेक्षण करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणे तपासावीत आणि त्यांना सोडावे, आणि आधार कार्ड देताना व्यवसायाची खूण त्यावर येऊ नये, हे त्यात आले. इतर काही शिफारशींवर केंद्र सरकारचे आक्षेप होते. पीटा आजही जसाच्या तसा लागू आहे, आणि एखाद्या स्त्रीला विशिष्ट जागेतून हटवण्याचा दंडाधिकाऱ्यांचा कलम २० खालील अधिकारही, जो सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये वैध ठरवला होता.

२०१८ मध्ये तस्करीविरोधी सर्वंकष विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत न आल्याने २०१९ मध्ये बाद झाले. २०२१ मध्ये नवा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनांनी दोन्ही वेळी हरकती घेतल्या, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवण्याचा प्रश्न त्या हरकतींच्या केंद्रस्थानी होता.

भिवंडीकर

एक बाब मला खटकते. 'मानवी तस्करी' म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त लॉज आणि खोल्या येतात. आमच्या भागात पावसाळा संपला की वीटभट्ट्या सुरू होतात. कातकरी कुटुंबे भर पावसात, घरात दाणा नसताना, मालकाकडून उचल घेतात आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ती फेडत राहतात. हिशेब मालकाच्या वहीत. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाला तेच घर पुन्हा तिथे. आजारी पोराला दवाखान्यात न्यायचे तरी मालकाची परवानगी. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने रद्द झालेली आहे. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांच्या मुक्ततेसाठी अनेक वर्षे लढा दिला, तेव्हा कुठे या गोष्टी सरकारदरबारी पोहोचल्या.

केंद्राच्या २०१६ च्या योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि देहविक्रीसारख्या टोकाच्या शोषणातून सुटलेल्यांना ३ लाख रुपयांपर्यंत पुनर्वसन साहाय्य आहे. परंतु तातडीची छोटी रक्कम वगळता उरलेली मदत मालकाच्या दोषसिद्धीशी जोडलेली आहे, आणि दोषसिद्धी व्हायला जी वर्षे लागतात, तेवढ्यात तो माणूस पुन्हा भट्टीवर गेलेला असतो. माणसांची ने-आण करून त्यांना कर्जात अडकवणे हीच जर तस्करी असेल, तर तिच्या तपासाची पथके भट्ट्यांवरही गेली पाहिजेत.

खाडीकाठ

भिवंडीकर, हा मुद्दा तुम्ही आणलात याचा आनंद वाटला. सुटका झाल्यावर कातकरी कुटुंबाला मुक्तीचा दाखला मिळतो आणि ते आपल्या पाड्यावर परत जाते. त्यांना कोणी तीन वर्षे कोंडत नाही. दोन्ही प्रसंगांत शोषण आहे, आणि तरीही वागणूक इतकी निराळी आहे. स्त्रीच्या चारित्र्याची चिंता वजा केली तर या फरकाचे दुसरे कारण मला सापडत नाही.

आता स्थलांतरितांबद्दल, कारण माझ्या मते सर्वांत मोठी कोंडी तिथे आहे.

आपल्या भागातील छाप्यांत बांगलादेशातून आलेल्या स्त्रिया बऱ्याचदा आढळतात. त्यांच्यातली एखादी खरोखरच नोकरीचे आमिष दाखवून आणलेली असते, एखादी स्वतः दलालाला पैसे देऊन सीमा ओलांडून आलेली असते, आणि पुष्कळशा या दोन्हींच्या मधल्या असतात. येताना मर्जीने आल्या, आल्यावर कर्जात अडकल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०१२ मध्ये राज्यांना कळवले होते की, चौकशीत परदेशी स्त्री तस्करीची बळी आढळल्यास तिच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये. सूचना चांगली आहे. पण ती बळी आहे की घुसखोर, हे ठरवण्याचे काम पहिल्या रात्री पोलीस ठाण्यात होते. 'मला फसवून आणले' म्हटले तर संरक्षणगृह आणि मायदेशी पाठवणीची प्रतीक्षा, जी दोन्ही देशांतील पत्त्याची पडताळणी होईपर्यंत लांबत जाते. 'मी स्वतः आले' म्हटले तर तुरुंग. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या आप्रवास व परकीय नागरिक कायद्यात वैध पारपत्राशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. अशा परिस्थितीत खरे बोलण्याचे बळ तिच्यात कुठून येणार, आणि तिला आणणाऱ्याचे नाव ती का सांगेल?

याची झळ भारतीय नागरिकांनाही बसते. मुर्शिदाबाद किंवा चोवीस परगण्यातून आलेली बंगाली बोलणारी स्त्री छाप्यात सापडली की आधी तिचे नागरिकत्व तपासले जाते. पश्चिम बंगालच्या काही मजुरांना महाराष्ट्रातून बांगलादेशी समजून सीमेपलीकडे पाठवल्याची आणि नंतर परत आणावे लागल्याची प्रकरणे २०२५ मध्ये उघड झाली आहेत. धडधाकट पुरुष मजुराची ही गत, तर जिची ओळखपत्रे घरवालीच्या कपाटात आहेत अशा स्त्रीने आपले भारतीयत्व कसे सिद्ध करावे?

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठी कारवाई झाली आणि शेकडो मुली व स्त्रिया ताब्यात घेतल्या गेल्या. त्यांत नेपाळी मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांना परत घेण्यास तेव्हाचे नेपाळ सरकार पुढे आले नाही, महिनोन्‌महिने त्या इथल्या गृहांत राहिल्या आणि अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी काही जणींना मायदेशी नेले. परतलेल्या मुलींपैकी काहींनी पुढे शक्ती समूह नावाची स्वतःची संघटना उभारली, जिला २०१३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना कोणी काही विचारले नव्हते, त्यांनीच पुढे इतरांसाठी आश्रयगृहे चालवली. आपल्या सांगलीत संग्राम ही संस्था आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांनी हेच दाखवून दिले आहे की, वस्तीतल्या स्त्रियांना संघटित होऊ दिले तर अल्पवयीन मुलीला परत पाठवण्याचे काम त्या स्वतः करतात.

आपल्याकडच्या डान्स बारचा इतिहासही या संदर्भात आठवतो. २००५ च्या बंदीमागे तस्करी रोखण्याचे एक कारण दिले गेले होते. जुलै २०१३ मध्ये ती बंदी अवैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की, सुमारे ७५,००० स्त्रिया बेरोजगार झाल्या आणि त्यांतील बऱ्याच जणींवर देहविक्री करण्याची वेळ आली. रोगापेक्षा उपाय वाईट ठरला. पनवेल आणि ठाण्यातल्या ज्या स्त्रिया तेव्हा नाचून कमावत होत्या, त्यांच्यापैकी काहींची नावे पुढे छाप्यांच्या कागदांत आली.

सदानंद_कोपरी

सर्वांचे प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. अजूनही सोसायटीत असा व्यवसाय नको, हे माझे मत आहे आणि ते बदललेले नाही. परंतु आम्ही तक्रार केली तेव्हा त्या मुलींचे पुढे काय झाले, हे विचारायला एकदाही गेलो नाही, आणि ते आमच्या मनातही आले नाही, हे खरे. आता पुन्हा तशी वेळ आली तर सोसायटीने नेमके काय करावे?

ॲड_बेलापूर

काका, मुलगी अल्पवयीन वाटली किंवा कोणाला कोंडून ठेवले आहे असा संशय आला तर १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (आपत्कालीन क्रमांक) वर त्वरित कळवावे. तक्रारीत प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टी लिहाव्यात, ऐकीव लिहू नयेत. कारवाईच्या वेळी दोन महिला पोलीस असणे आणि पंचांमध्ये किमान एक स्त्री असणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा तुमच्या सोसायटीतील एखाद्या समजूतदार भगिनीने पंच म्हणून जावे आणि कोणाचे औषध, कोणाचे मूल मागे राहिले आहे का हे तिथेच विचारावे. चेहऱ्यांचे किंवा खोलीचे फोटो कोणत्याही व्हॉट्सॲप गटावर जाऊ देऊ नयेत.

आणखी एक विनंती. पीटाच्या कलम ३ मध्ये, जागेचा असा वापर होतो हे माहीत असून ती देणाऱ्या मालकालाही शिक्षा आहे, आणि त्या जागेबद्दल वर्तमानपत्रात बातमी आली असेल तर मालकाला ते माहीत होते असे गृहीत धरले जाते. याच धास्तीने एकट्या राहणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या, परप्रांतातून आलेल्या कितीतरी स्त्रियांना ठाण्यात आणि नवी मुंबईत घर नाकारले जाते. केवळ संशयावरून कोणा भाडेकरू स्त्रीला बाहेर काढण्याचा ठराव सोसायटीने करू नये.

मीरा_तुर्भे

छाप्यात नेलेल्या ओळखीच्या बाईसाठी वकील लगेच कसा मिळवायचा, हे कोणी सांगू शकेल का? आमच्या पीअर विचारतात आणि त्यांना दलालानेच नेमलेला वकील गाठावा लागतो. तो दलालाचे हित आधी पाहतो.

खाडीकाठ

मीराताई, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि तस्करीच्या प्रत्येक बळीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर फोन करावा, किंवा ठाणे जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्यावा. अर्जात तिचे पोलीस ठाण्यात नोंदवलेले नाव, गुन्हा क्रमांक माहीत असल्यास तो, आणि तिला कोणत्या न्यायालयापुढे हजर करणार आहेत, एवढे लिहिले तरी चालते. पहिल्या हजेरीलाच वकील उभा राहिला तर गृहचौकशी गावी न पाठवता इथल्याच पत्त्यावर करण्याची, औषधे व मोबाइलमधील क्रमांक मिळवून देण्याची आणि लहान मूल असल्यास त्याची नोंद घेण्याची विनंती तेव्हाच करता येते. एक वर्षाचा आदेश आधीच झाला असेल तर सत्र न्यायालयात अपील करावे लागते, आणि त्यासाठीही वकील इथूनच मिळतो. अर्जाचा मराठी नमुना मी आज रात्री टंकून इथेच प्रतिसादात देते; तुमच्या पीअरना वाचायला सोपा जावा म्हणून तो मोठ्या अक्षरांत ठेवीन.